उठायची खुर्ची

६ जानेवारी, मंगळवार

दादाने खुर्ची पाठवली. स्वतः येणं जमत नाही म्हणून वस्तू पाठवतो. दोन माणसांनी घामाघूम होऊन वर आणली, खोक्यातून काढली, वायर लावली आणि सही घेऊन पळ काढला. हिरवी, फुगलेली, न बोलावलेल्या पाहुण्यासारखी अर्धी खोली अडवून बसली आहे. बटण दाबलं की बैठक मागून वर उचलली जाते आणि बसलेला माणूस आपोआप उभा राहतो म्हणे. अण्णांना बसवलं, बटण दाबलं. अण्णा आपोआप उभे राहिले नाहीत, आपोआप माझ्या अंगावर आले. मी समोर नसते तर दुसऱ्या बाजूचंही हाड गेलं असतं.

"घोडा परवडला," अण्णा म्हणाले. "त्याला निदान लगाम असतो."

दादा फोनवर: "सवय होईल गं, छोटे. जरा प्रॅक्टिकल विचार कर." हा शब्द त्याला बढतीबरोबर मिळाला असावा. तेव्हापासून पुरवून पुरवून वापरतो आहे.

बाथरूममध्ये घसरून अण्णांच्या खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता चालता येतं. काठी घेऊन, हळू, पण येतं. बसलेलं उठता येत नाही, एवढंच! सोफा खोल, वेताची खुर्ची बुटकी, आणि पलंग म्हणजे अण्णांच्या भाषेत विहीर. मी सकाळी नऊला चष्म्याच्या दुकानात जाते, रात्री आठला येते. दिवसाची बाई सोडून गेली. दुपारी खालच्या मजल्यावरचे काका येऊन त्यांना एकदा उठवतात आणि त्याबद्दल मला जिन्यात भेटून रोज सांगतात. बाकी वेळ अण्णा जिथे बसवले तिथे.

दादाने हुकूम सोडला आहे. ८ फेब्रुवारीला तो येणार. तोपर्यंत अण्णा आपले आपण उठून बाथरूमपर्यंत जाऊन आले, तर इथे राहतील. नाहीतर त्याच्या घराजवळच्या 'निवासा'त. वृद्धाश्रम म्हणायचं नाही. निवास! जसं काही अण्णा तिथे उन्हाळ्याची सुट्टी घालवायला निघालेत.

मी अण्णांना जाऊ देणार नाही. लिहूनच ठेवते.

८ जानेवारी, गुरुवार

सुतार येऊन गेला. चार वेळा फोन केल्यावर उपकार केल्यासारखा आला. मी काढलेलं चित्र हातात उलटं धरलं आणि हसला. "ताई, अशी उंच खुर्ची कुणी करत नाही. त्यापेक्षा डायनिंग सेट करा. सहा खुर्च्या, वर काच." सहा! घरात माणसं दोन, त्यातलं एक दिवसभर बाहेर. सोमवारी येतो म्हणाला. कोणत्या सोमवारी ते गुलदस्त्यात.

तयार खुर्च्याही बघितल्या. प्लॅस्टिकची, हातांवर भार दिला की पाय फाकवते. दवाखान्याच्या सामानाच्या दुकानात एक स्टीलची मिळत होती, उंच, मजबूत, पण बैठकीला मधोमध भोक. अण्णा म्हणाले, "ती आत आली तर मी बाहेर."

आज जेवताना ठरवलं. मीच करणार. सुतारकाम म्हणजे शेवटी काय? मोजायचं, कापायचं, जोडायचं. मी रोज माणसांच्या डोळ्यांतलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजते. ज्याला चित्र सुलटं धरता येत नाही त्याला जे जमतं ते मला न जमायला काय झालं?

अण्णांनी घास हातात तसाच ठेवून माझ्याकडे पाहिलं. "शाळेत तुझा काडेपेटीचा बंगला कोणी केला होता?"

"तुम्ही."

"हं," म्हणाले आणि घास तोंडात टाकला.

११ जानेवारी, रविवार

वखारीत गेले. वखारवाल्याने माझ्या मागे पाहिलं, कोणी पुरुष येतोय का म्हणून. कोणी आला नाही. मग नाइलाजाने माझ्याशी बोलला. "काय करायचंय? शोभेचं की कामाचं?" कामाचं म्हटल्यावर शोभेची लाकडं दाखवायला लागला. एक फळी उचलून मी डोळ्यासमोर धरली — व्हिडिओत तसं करतात — आणि ती वाकडी आहे असं जाहीर केलं. "ताई, तुम्ही ती तिरकी धरलीय," तो म्हणाला.

चार जाड दांडे, फळ्या, पट्ट्या घेतल्या. करवत, काटकोन बघायचा गुण्या, हाताचं ड्रिल, स्क्रू, पांढरा डिंक, सँडपेपर. रिक्षावाल्याने दांडे आडवे ठेवायला नकार दिला म्हणून ते उभे धरून, छतातून बाहेर काढून, झेंडे मिरवल्यासारखी घरी आले.

जिन्यात खालचे काका दबा धरून होतेच. "काय, लाकडं?" नाही, काका, पुस्तकं. "करवत ओढताना कापते, ढकलताना नाही, लक्षात ठेव." यांनी उभ्या जन्मात एक पेन्सिल तासली असेल की नाही कोण जाणे. दांड्याचं एक टोक तरी धरतील, तर नाही. सल्ला मात्र पार वरच्या मजल्यापर्यंत पोचवला.

१२ जानेवारी, सोमवार

करवत ढकलताना कापते, ओढताना नाही. काका!

१४ जानेवारी, बुधवार

दुकानात आज एका गृहस्थाने सगळ्या फ्रेमा घालून बघितल्या आणि प्रत्येक वेळी बायकोकडे पाहिलं. शेवटी बायकोने आल्या आल्या बोट दाखवलं होतं तीच घेतली. मग मी अंतर मोजलं. अर्धा मिलिमीटर इकडचं तिकडे झालं तर गिऱ्हाइकाचं डोकं धरतं. माझ्या हातच्या चष्म्याने आजवर कुणाचं डोकं धरलं नाही, हे मालकसुद्धा चारचौघांत सांगतात.

घरी येऊन खुर्चीचा पहिला पाय कापला. वर सरळ, मध्ये थोडा डावीकडे, खाली पोचेपर्यंत करवत आपल्या मर्जीने कुठेतरी फिरायला गेली होती. टोक बघून अण्णांनी तोंडावर रुमाल धरला.

माप त्याआधी त्यांनीच घेतलं होतं. अण्णा शिंपी. कोट शिवायचे, लोक लांबून येत. दुकानात एक बाकडं होतं आणि त्यावर दिवसभर कोणी ना कोणी. कोट शिवून झाला तरी माणसं येतच राहायची — नुसती बसायला, चहा प्यायला, दुनियेच्या उचापती करायला. मला त्या रिकामटेकड्यांचा लहानपणापासून राग. नजर अधू झाली तेव्हा अण्णांनी दुकान बंद केलं. पण मापाची टेप अजून उशाशी असते. आज ती गळ्यात अडकवली आणि बसल्या बसल्या आपल्याच गुडघ्यामागून टाचेपर्यंत माप घेतलं. मग कोपराचं, पाठीचं, मांडीचं. स्वर पूर्वीचा, दुकानातला. "लिही. वीस. लिही. साडेनऊ." मी मुकाट्याने लिहिलं. बऱ्याच दिवसांनी त्यांचा आवाज एवढा मोठा ऐकला. बरं वाटलं.

१८ जानेवारी, रविवार

उभी राहिली! दिवसभर ड्रिल, डिंक, स्क्रू. दोन ठिकाणी लाकूड तडकलं, कारण व्हिडिओतला माणूस आधी बारीक भोक पाडतो आणि ते सांगायला विसरतो. चार पाय, दोन हात, पाठ, पट्ट्यांची बैठक, आणि पुढच्या दोन पायांच्या मधे खाली एक रुंद आडवी फळी. मजबुतीसाठी. ही फळी माझी स्वतःची कल्पना. तिच्यामुळे खुर्चीला कसं भारदस्तपण आलं आहे.

अण्णांना धरून बसवलं. म्हणजे चढवलं. बसल्यावर पाय जमिनीला लागेनात! दोन्ही पाय लोंबकळत. खुर्चीत बसलेले अण्णा आणि न्हाव्याच्या दुकानात फळीवर बसवलेलं पोर यांत काही फरक नाही.

"वीस सांगितलं होतंत तुम्ही!"

"अठराच आहे. वर दोन माया धरली."

"लाकडाला?"

"मापाला माया धरतातच. नंतर आत घेता येतं, बाहेर कुठून काढणार? पन्नास वर्षं काय झक मारली मी?"

आता माझी गंमत. कापताना चूक होणारच, म्हणून मीही दोन इंच जास्तीचे धरले होते. त्यांची माया, माझी माया, वर बैठकीच्या पट्ट्यांची जाडी. जगात कुठल्या खुर्चीला आजवर शिवणीची माया सोडली नसेल ती आमच्या खुर्चीला सोडली आहे, आणि तीही दोनदा. हातांचंही तेच. अण्णांचे खांदे कानांपर्यंत पोचलेले.

दोघंही आधी तावातावाने भांडलो. मग अण्णा वरून म्हणाले, "इथून समोरच्यांच्या गच्चीत वाळत घातलेलं सगळं दिसतंय," आणि मला हसू आवरेना. ते हसायला लागले तसे पाय हलायला लागले.

१९ जानेवारी, सोमवार

सगळे स्क्रू काढले. एकाचं डोकं झिजलं. माझंही.

२१ जानेवारी, बुधवार

दादाचा फोन. "काय म्हणते तुझी खुर्ची?" वहिनी मागून काहीतरी बोलली आणि हसली. हसू दे. तिच्या घरातल्या प्रत्येक वस्तूवर अजून प्लॅस्टिकचं आवरण आहे. सोफ्यावर बसलं की माणूस कुरकुरतो.

मी म्हटलं, होते आहे. तो म्हणाला, "हट्टासाठी करू नकोस. अण्णांचा विचार कर." हे कोण सांगतंय? वर्षातून दोनदा येणारा, आणि आल्यावर घड्याळ बघणारा.

मग अण्णांनी फोन मागितला. निवासात खोल्यांना खिडक्या कुठल्या बाजूला आहेत, विचारलं. जेवण पंगतीला बसून की खोलीत आणून देतात? शिवणयंत्र ठेवू देतात का? दादा खुशीत येऊन माहिती देत सुटला. अण्णा "बरं, बरं" करत होते.

मला गलबलून आलं. मनातून त्यांनी तयारी चालवलेली दिसते. माझ्यावर भरवसा नाही. बरोबरच आहे; लोंबकळत ठेवलं होतं मी त्यांना.

२५ जानेवारी, रविवार

खुर्चीचे हात खाली घेतले. पाय कापले. चारही. खुर्ची गॅलरीत ठेवून, गुण्या लावून, एकेक तपासून. गॅलरीत अशी घट्ट बसली की खालच्या काकांना मुद्दाम वर बोलावून हलवून दाखवायला सांगितलं. हलली नाही. त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

मग खोलीत आणली. डगडग, डगडग. एक पाय हवेत.

अर्धा तास डोकं चालवलं. गॅलरीची फरशी पाणी जायला फक्त मोरीच्या कोपऱ्यात उतरती आहे! मी चार पाय त्या उताराच्या मापाने कापले. म्हणजे खुर्ची बिनचूक आहे, फक्त अण्णांनी जन्मभर गॅलरीत बसायला हवं. काका जिन्यातून उतरताना "थोडं कमीच काप आता" म्हणत होते. गृहस्थाची जीभ कधीतरी करवतीने मोजून घ्यायची आहे.

संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर खुर्ची चढवली. वाटीत पाणी ठेवून ओटा सपाट आहे ना ते आधी बघितलं. पुन्हा कापलं, घासलं. आता सगळीकडे उभी राहते. पिठाच्या डब्यात भुसा गेला आहे. चाळून घेईन.

२८ जानेवारी, बुधवार

अण्णा बसतात छान. पाय टेकतात, कोपरं हातांवर नीट येतात. उठत नाहीत.

आज चार वेळा प्रयत्न केला. पुढे सरकतात, हातांवर जोर देतात, बूड जरा सुटतं आणि धपकन खाली. चौथ्या वेळेला डोळे मिटून बसले. "राहू दे आता," म्हणाले. मी म्हटलं, राहू कसं द्यायचं? आवाज चढला माझा. मला त्यांच्यावर ओरडायचं नव्हतं. अकरा दिवसांत दादा इथे उभा असेल, मनगटावरचं घड्याळ बघत.

३० जानेवारी, शुक्रवार

सापडलं! दुकानात. डोळे तपासायच्या खुर्चीतून दिवसभर गिऱ्हाइकं उठतात, आजवर मी त्यांच्या नाकाशिवाय काही बघितलं नव्हतं. आज पाय बघत बसले. म्हातारे, तरुण, सगळे उठायच्या आधी पाय मागे घेतात — खुर्चीच्या खाली. मग अंग पुढे जातं आणि माणूस उठतो. एका बाईंना मी दोनदा उठबस करायला लावलं. मालक म्हणाले, "डोळ्यांचा काय संबंध?" मी म्हटलं, आहे.

माझी रुंद फळी! पुढच्या पायांमधली. भारदस्त! अण्णांच्या टाचा तिला अडत होत्या. ते मागे घेत होते आणि फळी घेऊ देत नव्हती, आणि मी समोर उभी राहून ओरडत होते, जोर लावा, जोर लावा.

घरी येऊन पर्स खांद्यावर असतानाच स्क्रू काढायला बसले.

१ फेब्रुवारी, रविवार

उठले.

फळी काढून मागच्या पायांमधे लावली. अण्णांनी पाय आत घेतले, तळहात टेकले, नाक पुढे काढलं — आणि उभे. मी हात पुढे करून उभी होते, तो त्यांना लागला नाही. ते बाथरूमच्या दारापर्यंत गेले, दाराला हात लावून परत आले, बसले. पुन्हा उठले. पुन्हा बसले. नवीन खेळणं मिळाल्यासारखं चाललं होतं. मला रडू आलं. लिहायला लाज कसली, आलं.

उरलेल्या दांड्याचे चार ठोकळे करून पलंगाच्या पायांखाली दिले. विहीर भरून निघाली.

आता काय बिशाद आहे दादाची!

३ फेब्रुवारी, मंगळवार

माझ्या मते झालं होतं. अण्णांच्या मते नाही. "पॉलिश कर. अशी कोरी नको. कुसळ टोचतंय. चार लोकांसमोर ठेवायची वस्तू आहे." चार लोक कुठले काढले? इथे मी, खालचे काका आणि भिंतीवरची पाल. पण कोटाला आतून अस्तर नीट बसलं नाही तर उसवून पुन्हा करणारा माणूस; त्याच्याशी कोण वाद घालणार?

आधी जाड सँडपेपर, मग मधला, मग बारीक. लाकडाच्या रेषांबरोबर घासायचं, आडवं नाही. हे आडवं घासून झाल्यावर वाचलं. मग पुन्हा. भुसा केसांत, पापण्यांत, चहात. दुकानात मालकांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना, चेहरा पिवळा दिसतोय.

अण्णा डोळे मिटून हाताने तपासतात. जिथे मला गुळगुळीत वाटतं तिथे त्यांचं बोट थांबतं. "इथे." घासते. "इथे." घासते. नजर गेली आहे म्हणे यांची.

५ फेब्रुवारी, गुरुवार

वॉर्निशचा पहिला हात. जिथे जिथे डिंक सांडला होता आणि मी बोटाने पुसला होता, तिथे तिथे वॉर्निश मुरत नाही. पांढरट डाग. माझ्या बोटांचे ठसे सगळ्या खुर्चीवर, चोर पकडायला घेतल्यासारखे. ब्रशचे चार केस पाठीला चिकटलेत. एक माशी खुर्चीच्या उजव्या हातावर बसली आणि कायमची राहिली. काढायला गेले तर पंख उरले.

डब्यावर लिहिलंय 'लवकर वाळणारं'. ज्याने लिहिलं त्याला या खुर्चीवर बसवायला हवं. इस्त्रीची पँट घालून.

७ फेब्रुवारी, शनिवार

वाळली. चकाकते आहे. पांढरे डाग लांबून नक्षीसारखे दिसतात. बरंच लांब उभं राहावं लागतं.

अण्णा बसले, तळहात टेकले, उठायला गेले आणि हात सटकन पुढे घसरले. तोल गेला. मी होते म्हणून! खुर्चीच्या हातांवर वॉर्निशचे तीन थर दिले होते मी, वहिनी हात फिरवून बघेल म्हणून. वहिनीसाठी! अण्णा पांढरेफटक. मी मुकाट्याने सँडपेपर आणला आणि दोन्ही हातांची टोकं लाकूड दिसेपर्यंत खरवडून काढली. अण्णा शेजारी सोफ्यावर बसून बघत होते. एकदा म्हणाले, "तुझ्या हाताला फोड आलेत." मी म्हटलं, येऊ देत.

मग म्हणाले, "मला तिथे नेलं तर तू काय करशील गं? आठला घरी आल्यावर?"

"नेणारच नाही," मी म्हटलं.

पुन्हा बसवलं, उठवलं नाही. आपले आपण उठले. हात घसरले नाहीत.

८ फेब्रुवारी, रविवार

आले. वहिनीने सफरचंदं आणली, एकेक कागदात गुंडाळलेलं. खुर्ची बघून म्हणाली, "घरी केली? दिसतंच आहे." मग हात फिरवला. माशीच्या पंखांवरून गेला. तिला कळलं नाही, मी सांगितलं नाही.

दादा खुर्चीच्या भोवती एक फेरी मारून आला. मोटार घेताना चाकांना लाथ मारतात तसं पायाला पायाने ठोकलं. स्वतः बसला, हलला, कुरकुरते का बघितलं. नाही कुरकुरली. चहा झाला. कोणी विषय काढेना. सगळे अण्णांकडे चोरून बघत होतो. मला तर चहा कडू लागत होता. साखर घालायलाच विसरले होते, हे नंतर कळलं.

अण्णांनी कप खाली ठेवला. पाय मागे घेतले. तळहात टेकले. आणि उठले! काठी घेतली, चालत गेले, दार लावून घेतलं. आम्ही तिघं मोठी माणसं बाथरूमच्या दाराकडे कान लावून बसलो होतो. पाण्याचा आवाज झाला. अण्णा आले, हात पुसले, बसले.

"ठीक आहे," दादा म्हणाला. "राहू दे इथेच."

बस्स! एवढंच! महिनाभर माझ्या डोक्यावर मिरे वाटले आणि शेवटी "ठीक आहे". मग गॅलरीत जाऊन बराच वेळ पाठ करून उभा राहिला. हरला की लहानपणीही असाच करायचा. वहिनी म्हणाली, त्यांना भरून आलंय. असेल. त्याच्याही घरी गॅलरी आहे, तिथे भरून यायला हवं होतं.

रात्री जेवताना अण्णांनी मधेच दादाला विचारलं, "तुझ्या गाडीची मागची सीट आडवी पडते का रे?" दादा म्हणाला, पडते. का? "काही नाही."

मी जिंकले आहे. उद्या सकाळी हे निघतील. मग ती हिरवी फुगलेली वस्तू परत पाठवायची आहे, त्यांच्याच खर्चाने.

९ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी अण्णांची हाक आली नाही. घाबरून बाहेर आले तर ते खुर्चीत, स्वतः शिवलेला कोट घालून, पायाशी बॅग. मी म्हटलं, अहो, दादा राहू दे म्हणालाय, जिंकलो आपण. म्हणाले, "इथे की तिथे, हे तुम्ही दोघं ठरवत होतात. मला कोणी विचारलं? तिथे माणसं आहेत. इथे तू गेलीस की मी भिंतीशी बोलतो."

मग ही खुर्ची कशाला करून घेतलीत?

"मला उचलून नेऊ नये म्हणून. चालत जायचं होतं."

खुर्ची गाडीत मागे आडवी घातली. जिन्यात मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही.